बीबीत वाजणारा भोंगा

बीबी गावाला भोंग्यांचं काही अप्रूप नाही. सकाळी गॅसच्या टाक्यांची गाडी भोंगा वाजवत येते, आठवडी बाजारात कपडेवाला भोंगा लावून घसा वाचवतो, आणि निवडणूक आली की भोंग्यांना तर ऊतच येतो. त्यामुळे पुंजाजींच्या घरातून पहिल्यांदा तो भोंगा ऐकू आला तेव्हा शेजारच्या रुख्मिणीने वांग्याची पाटी खाली ठेवली आणि आधी गल्लीत गॅसची गाडी शोधली. गाडी नव्हती. भोंगा पुंजाजींच्या लेकीच्या, धम्मशीलाच्या फोनमधून येत होता. आणि धम्मशीला गॅसवरचं पिठलं तसंच टाकून, अंगणात उभी राहून फोनवर अशा भाषेत ओरडत होती की तिच्यातलं एक अक्षरही कोणाला कळू नये.

ओरडणं थांबल्यावर रुख्मिणीने विचारलं, "काय झालं वं?"

"तिकडं मिसाईल सुटलं," धम्मशीला धापा टाकत म्हणाली.

"कोठी?"

"ब्रोनिया आजीच्या गावात."

रुख्मिणीने वर पाहिलं. आभाळ रोजच्यासारखंच होतं, एक घार तेवढी फिरत होती. "मंग इथं काऊन वाजून राह्यलं?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळच होतं, पण ते ऐकून कोणाचं समाधान होत नसे. मिसाईल सुटलं की तिकडच्या सगळ्यांच्या फोनमध्ये हा भोंगा वाजतो. धम्मशीला तिकडून गावी आली, पण फोनमधून तो भोंगा तिने काढला नव्हता. आता समुद्रापलीकडे इस्रायलात लोक तळघराकडे पळायला लागले की त्याच घडीला बीबीत रुख्मिणीच्या कोंबड्या पाटीखाली पळायच्या.

धम्मशीला म्हणजे काही कोणी मोठी बाई नव्हे. खामगावला नर्सिंगचा लहान कोर्स केला, मग औरंगाबादच्या एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या काढल्या. लग्नाच्या बोलण्या व्हायच्या आणि मोडायच्या. एकदा वय निघून गेलं की बोलणारेही थकतात. चाळिशीच्या अलीकडे एजंटाच्या ओळखीने तिला इस्रायलात म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम मिळालं. गावाने तेव्हा तोंडात बोटं घातली. पुंजाजी हयात होते. ते म्हणाले, "माही पोरगी बाहेरदेशात चालली, तुमच्या पोट्ट्यांले नांदुऱ्याची गाडी सापडत नाही." बापाला अभिमान झाला की तो असा दुसऱ्यांना टोचूनच बाहेर पडतो.

तिच्या वाट्याला आली ब्रोनिया आजी. ऐंशीला टेकलेली, चिमणीएवढी बाई. नवरा केव्हाच वारलेला, एकुलता मुलगा अमेरिकेत, रविवारी फोन करणारा. जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. आजी आधी धम्मशीलाला जवळ येऊ देईना. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. मग एकदा धम्मशीलाने स्वतःपुरतं पिठलं केलं, तर आजी वासाने उठून स्वयंपाकघरात आली आणि पातेल्यात बोट घालून उभी राहिली. त्या दिवसापासून पिठल्याचं नाव त्या घरात 'पिवळं सूप' पडलं. भाकरीला मात्र आजीने शेवटपर्यंत पुठ्ठाच म्हटलं.

पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा धम्मशीलाला काही सुचलं नाही. जिन्याने तळघरात उतरायचं होतं, आणि आजीचे पाय तर खोलीतल्या खोलीत लटपटायचे. तेव्हा तिने लहानपणापासून जे पाहिलं तेच केलं. खाली बसली, आजीचे हात स्वतःच्या गळ्यात घेतले आणि तिला पाठकुळी मारून निघाली. बीबीत लेकरं अशीच नेतात. आजी पाठीवर आली आणि एकदम शांत झाली. तळघरात सगळे घाबरलेले बसले होते, आणि ही धम्मशीलाच्या खांद्यावर गाल टेकून म्हणाली, "मार्ता मला अशीच न्यायची. पोत्यात घालून."

मार्ताची गोष्ट मग अशीच, भोंग्याभोंग्याला, तुकड्यातुकड्याने कळत गेली.

ब्रोनिया सहा वर्षांची असताना पोलंडमधल्या एका खेड्यात होती. जर्मन सैनिक ज्यूंना घराघरांतून ओढून नेत होते. तिचे आईबाप गेले ते गेलेच. मार्ता नावाच्या शेतकरीण विधवेने तिला उचललं आणि घरामागे बटाटे साठवायच्या खड्ड्यात लपवलं. ज्यू लेकरू घरात सापडलं तर लपवणाऱ्यालाही गोळी, असा तेव्हाचा हुकूम. मार्ताचं ब्रोनियाशी ना नातं ना गोतं. ती रोज अंधार पडला की खड्ड्यावरची फळी सरकवायची, भाकरी द्यायची, मोकळ्या हवेसाठी पोत्यात घालून पाठीवर फिरवायची आणि परत ठेवताना एकच गोष्ट सांगायची: "मी येते. मी येईपर्यंत बाहेर यायचं नाही. कोणी गोड हाक मारली तरी नाही. तुझ्या नावाने मारली तरी नाही."

आणि हाक मारली की लोकांनी! शेजाऱ्यांना संशय आला होता. एकाने खड्ड्याजवळ उभं राहून "ब्रोनिया, ये बाळा, तुझी आई आली" असं म्हटलं. पोरगी बटाट्यांत तोंड खुपसून पडून राहिली. पण एके दिवशी मार्ता आली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. सैनिक तिला घेऊन गेले होते, आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. मग मार्ताची बहीण आली. तिने आधी लाडाने बोलावलं, मग रागावली, मग रडली. पोरगी काही बाहेर येईना. तेव्हा ती फळीला तोंड लावून म्हणाली, "मार्ता येणार नाही. मार्ता मेली. तिची वाट पाहू नकोस. माझ्याबरोबर चल." तेव्हा कुठे पोरगी बाहेर आली.

दरवर्षी मार्ताच्या नावाने आजी खिडकीत एक मेणबत्ती लावायची. काचेच्या पेल्यात असते ती, रात्रंदिवस जळते. मेलेल्या माणसासाठी तशी लावायची तिकडची रीत. ती दुकानातून आणायचं काम धम्मशीलाचं. मेणबत्त्या आपल्या विहारातही लागतात, त्यामुळे तिला त्यात परकं काही वाटायचं नाही. ती आपली पेला पुसून ठेवायची आणि हात जोडायची. मार्ता कोणाची कोण, पण अशा बाईला हात जोडायला जात लागत नाही आणि धर्मही लागत नाही.

आठ वर्षं अशी गेली. मध्येच पुंजाजी वारले, तेव्हा जाणं जमलं नाही. ती बोच मनात होतीच. मग गावाहून फोन आला, आई सिंधूताईला लकवा मारला, उजवं अंग गेलं. भाऊ पुण्याला कंपनीत, भावजयीचं बाळंतपण तोंडावर. म्हणजे जायचं कोणी, हा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती.

निघायच्या दिवशी आजी खुर्चीत बसून तिची बॅग भरलेली पाहत होती. खाली गाडी उभी होती. आजीने विचारलं, "जातेस?"

आता इथेच खरी गोची आहे. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. शेतात निघालेली बाईही 'येते' म्हणते, नळावर निघालेलीही 'येते' म्हणते, आणि चुकून कोणी 'जाते' म्हटलं की घरातली म्हातारी खेकसते, "येते म्हण, येते!" पुंजाजींनी घरातले देव बाहेर काढले, गंडेदोरे जाळले, मुहूर्त मोडीत काढले, पण 'जातो' म्हणून त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही. नुसतं 'गेला' हे फक्त मेलेल्या माणसाबद्दल म्हणतात, आणि ते त्याला स्वतःला म्हणता येत नाही. धम्मशीला लहानपणापासून ज्या रीतीत वाढली, तिच्या बाहेरचा शब्द तिच्या तोंडून निघेना. आईचं अंग गेलंय, परतणं इतकं सोपं नाही, हे तिला आतून कळत होतं. तरीही ती आजीच्या पायाशी बसली आणि तिकडच्या भाषेत म्हणाली, "जाते म्हणायचं नसतं आजी. येते."

आजीचा चेहरा उजळला. "मार्ताही हेच म्हणायची," ती म्हणाली. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता, धम्मशीलाने बॅग उचलली.

सिंधूताईंचं अंग काही सुधारलं नाही. परतीच्या व्हिसाची मुदत संपली. एजंटाने आधी आज-उद्या केलं, मग फोन उचलणं सोडलं. मग तिकडे युद्धाचा मोठा भडका उडाला, विमानं बंद झाली, आणि नव्या व्हिसाचं नावच निघेना. आजीकडे आता काजल नावाची मुलगी होती, डेहराडूनकडची. पोरगी चांगली होती, हातपाय हलवणारी होती. पण आजीच्या डोक्यात आता काळ कालवला गेला होता. भोंगा झाला की ती भिंतीतल्या कपाटात शिरायची, कपड्यांच्या मागे गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि आतून दार ओढून धरायची. कपाट म्हणजे खड्डा, आणि काजल म्हणजे गोड हाक मारणारी परकी बाई. शेजाऱ्यांनी एकदा ओढून काढायचा प्रयत्न केला तर एकाच्या हाताला कडकडून चावली. म्हणत एकच राहायची, "ती म्हणाली येते. ती आल्याशिवाय मी निघणार नाही."

काजलने रडत फोन केला. "दीदी, ये आपका नाम लेती है। उठती ही नहीं। मैं अकेली क्या करूं?"

म्हणून तो भोंगा फोनमध्ये होता. भोंगा वाजला की धम्मशीला हातातलं काम टाकून फोन लावायची, काजल तो कपाटाच्या फटीला धरायची, आणि धम्मशीला बीबीच्या अंगणातून ओरडायची, "आजी, मी आले! खाली जिन्यात उभी आहे! काजलच्या पाठीवर बसा आणि या!" पहिल्यांदा आजी ताडकन उठली. काजलच्या पाठीवरून तळघरात गेली आणि तिथे प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. धम्मशीला नव्हती. काजलने नंतर सांगितलं की आजी रडली नाही, रागावलीही नाही, नुसता हात पुढे करून बसून राहिली. हे ऐकून धम्मशीला दोन दिवस जेवली नाही.

पण पुन्हा भोंगा झाला की पुन्हा तेच खोटं. दुसरं करणार काय? आणि खोट्याचं असं असतं की ते वापरून वापरून झिजतं. आजी आता लवकर उठेना. "तू मागेही असंच म्हणालीस," ती कपाटातून म्हणायची. "मार्ता कधी खोटं बोलली नाही." एकदा तर मिसाईल पडून गेलं, खिडक्या थरथरल्या, तेव्हा कुठे ती बाहेर आली. त्या वेळी वाचली ती नशिबाने. पुढच्या वेळी नशीब घरी असेलच असं नाही.

गावाला हे सगळं तमाशासारखं होतं. पानठेल्यावर जगाचं राजकारण रोज सुटतं आणि रोज नव्याने गुंततं. तिथल्या महादेवरावांनी एकदा धम्मशीलाला अडवलं. ते तलाठी म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे जगाचा सातबारा त्यांना पाठ. म्हणाले, "काऊन वं, तू त्याहिची एवढी काळजी करून राह्यली? ते काय कमी लोकं मारून राह्यले तिकडं? लेकरं मारली लेकरं!"

"हाव, मारून राह्यले," धम्मशीला म्हणाली. "मीबी टीव्हीवर ते लेकरं पाह्यले, अन् मले घास गेला नाही. पण माही आजी कोणाले मारून राह्यली काका? तिच्या हातात चमचा टिकत नाही. एका लढाईत ती खड्ड्यात बसली होती, दुसऱ्या लढाईत कपाटात बसून राह्यली. तिले बाहेर काहाडायचं का नाही, तुमीच सांगा."

महादेवरावांनी पान चावलं.

घरात वेगळाच तंटा. सिंधूताईंची जीभ लकव्याने जड झाली होती, पण धार तीच. लेक मांडीवर डोकं घेऊन तेल लावत असली आणि फोन बोंबलला की डोकं उशीवर आदळायचं. "जाय... तिलेच माय म्हन," म्हातारी अर्ध्या तोंडाने म्हणायची. "मी मेली तं... फोनवर रड." धम्मशीलाला राग यायचा आणि रडूही यायचं. दोन म्हाताऱ्या, दोघींना उचलायला तिचीच पाठ, आणि मध्ये अख्खा समुद्र.

ती वेळ आली तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. गावात लाईट गेलेली. लाईट गेली की बीबीत थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही मान टाकतो, मग रेंज मिळते ती फक्त रुख्मिणीच्या स्लॅबवर. धम्मशीला आईला न्हाणीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून अंघोळ घालत होती. डोक्याला साबण, डावा हात लेकीच्या खांद्यावर. उंबऱ्यावर ठेवलेला फोन कण्हल्यासारखा वाजायला लागला आणि मग पूर्ण भोंगा झाला.

"बसून राह्य माय, धरून बस!" म्हणत धम्मशीलाने आईचा हात नळाला धरवला आणि हाक मारली, "रुख्मा! रुख्मा वं, मायले धर!" रुख्मिणी मेथीच्या जुड्या टाकून धावत आली. न्हाणीत शिरली तेव्हा सिंधूताई खुर्चीवरून घसरायलाच लागल्या होत्या. रुख्मिणीने त्यांना काखेत धरलं आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिली, साबणाचं पाणी तिच्या लुगड्यावरून ओघळत होतं.

धम्मशीला जिना चढून स्लॅबवर गेली. फोन लागला, तुटला. परत लावला. लागला.

काजलचा आवाज भ्यालेला होता. पलीकडून भोंगा ऐकू येत होता, खरा, शहरभर घुमणारा. त्याच्यापुढे बीबीतला भोंगा म्हणजे पिपाणी. "दीदी, कपाटात आहे," काजल हिंदीत सांगत होती. "सगळे खाली गेले. आज फार मोठं आहे म्हणतात. मी हात लावला की ओरडते. दीदी, जल्दी बोलो!"

"फटीला धर," धम्मशीला म्हणाली. आणि मग तिकडच्या भाषेत, "आजी! मी आले. खाली उभी आहे. चला."

पडद्यावरची फट आणखी बारीक झाली.

"आजी, मी धम्मशीला. पिवळं सूप केलंय. चला ना."

"खोटं," आतून आवाज आला. शांत, ठाम, सहा वर्षांच्या पोरीचा. "तू ती नाहीस. ती आली की दार स्वतः उघडते. तुम्ही सगळे तिच्या आवाजात हाका मारता."

लांब कुठेतरी धमाका झाला. फोनमध्ये तो खोकल्याएवढा ऐकू आला. काजल किंचाळली. धम्मशीलाच्या पायाखाली रुख्मिणीने वाळत घातलेल्या कुरड्या मोडत होत्या आणि तिला ते कळतही नव्हतं. चार खंडांतल्या गोष्टी दाखवणारा तो एवढासा फोन, त्यातून एक हात पलीकडे घालता येत नाही! दार तर लाकडाचंच होतं. ओढलं की उघडणारं. ती तिथे असती तर आतापर्यंत आजी पाठीवर असती. मग तिने आर्जवं केली, रागावली, रडली. आणि रडता रडता तिला कळलं की हे असंच्या असं आधी एकदा झालेलं आहे. त्या खड्ड्यापाशी बसलेल्या बाईनेही हेच केलं होतं, ह्याच क्रमाने. आणि तिला शेवटी काय म्हणावं लागलं, तेही धम्मशीलाला माहीत होतं. ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तर तिने तिकडे कधी मन जाऊ दिलं नव्हतं.

तिने पदराने तोंड पुसलं. आवाज बदलला, जाड केला.

"ब्रोनिया," ती म्हणाली. आजी म्हटलं नाही. "ब्रोनिया, ऐक. मी धम्मशीला नाही. मी तिची बहीण आहे."

तिने फोन तोंडाशी आणखी जवळ धरला.

"तिची वाट पाहू नकोस. ती येणार नाही. ती गेली."

पलीकडे भोंगा चालूच होता. मग आतून विचारणा झाली, "मेली?"

"हो."

"तिने माझं नाव सांगितलं का त्यांना?"

धम्मशीलाने वर पाहिलं. आभाळात तीच ती घार फिरत होती. "नाही," ती म्हणाली. "कोणालाही सांगितलं नाही. आता काजलबरोबर जा. काजल चांगली आहे. तिच्या पाठीवर बस."

कपाटाचं दार करकरलं. तो करकर आवाज धम्मशीलाच्या चांगला ओळखीचा होता. बिजागरीला तेल घालायचं ती आठ वर्षं म्हणत राहिली होती. मग काजलचा श्वास, पावलं, फोन कुठेतरी पडला, पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. त्या छताच्या कोपऱ्यात ओल आलेली होती. धम्मशीला त्या ओलीकडे पाहत राहिली, आणि मग एक फार मोठा आवाज झाला आणि फोन बंद पडला.

ती खाली आली तेव्हा रुख्मिणीने सिंधूताईंचं डोकं धुऊन, अंग पुसून त्यांना खाटेवर आणलं होतं. "काय म्हनलं वं तू वरतून? येवढी रडली काऊन?" तिने विचारलं.

"मी मेली म्हनून सांगतलं," धम्मशीला म्हणाली.

"अवं!" रुख्मिणीने तिच्या तोंडावर ओला हात ठेवला. "असं अभद्र बोलू नोको. थुक. थुक आधी."

दुपार गेली. लाईट आली, टॉवर आला, फोन काही येईना. धम्मशीला भाकऱ्या थापत बसली आणि एक एक तव्यावर करपत गेली. दिवेलागणीला काजलचा निरोप आला. शेजारची इमारत पडली होती. त्यांच्या घराच्या खिडक्या एकही राहिल्या नव्हत्या, कपाटाचं दार काचांनी सोललं होतं. त्या दोघी तेव्हा तळघरात होत्या. आजीला ओरखडाही नव्हता.

धम्मशीलाने ते वाचून आईला सांगितलं, रुख्मिणीला सांगितलं, आणि विहारात जाऊन हातही जोडून आली. रुख्मिणीने गूळ वाटला. महादेवरावही दारापर्यंत येऊन "वाचली ना बाप्पा, बरं झालं" म्हणून गेले. एका दिवसापुरतं सगळ्या गल्लीला आपणच तिला वाचवल्यासारखं वाटलं.

मग काजलने फोटो पाठवला. खिडकीला आता काच नव्हती, पुठ्ठा लावलेला होता. खाली दोन पेले. दोन मेणबत्त्या. एक मार्ताची असणार, हे कळलं. दुसरी कोणाची, हे विचारायचं काम नव्हतं.

फोटोखाली काजलने लिहिलं होतं, "दीदी, वो बोली आपके लिए भी जलाओ। कहती है प्रार्थना में पूरा नाम लेना पड़ता है, माँ के नाम के साथ। मैं क्या बताऊं?"

धम्मशीलाने लिहून पाठवलं: धम्मशीला, सिंधूची मुलगी.

काजल आता मधून मधून कळवते. आजी जेवते. आजी पहिल्या भोंग्याला उठते, काजलच्या गळ्यात हात टाकते, कुरकुर करत नाही. कपाटात जात नाही. कोणाची वाट पाहत नाही. एकदा धम्मशीलाने न राहवून लिहिलं, तिचा आवाज तरी ऐकव, मी बोलणार नाही. काजलने ऐकवला. आजी काजलला सांगत होती की हिच्या आधी एक होती, लांबच्या देशातली, पाठकुळी मारायची, पिवळं सूप करायची. बिचारी मेली माझ्यापायी.

भोंगा फोनमध्ये अजून आहे. परवा परत वाजला. कोंबड्या आता त्याला सरावल्या, जागच्या हलल्याही नाहीत. धम्मशीला आईचं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळत होती. तिचा हात फोनकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

सिंधूताईंनी आपणहून डोकं मांडीवरून उचललं आणि उशीवर ठेवलं. "लाव ना फोन," त्या जड जिभेने म्हणाल्या. "लाव. मी हावो पडून... काऊन थांबली?"

"मेलेल्या मानसाले फोन लावता येत नाही माय," धम्मशीला म्हणाली, आणि भोंगा बंद होईपर्यंत आईचा हात धरून बसून राहिली.